ग्रोसेतोचं तिकीट

१५ जुलै १९५२, हेलसिंकी. तुम्ही मैदानात शिरता तेव्हा सामना संपायला जेमतेम दोन मिनिटं उरली आहेत आणि गोल झाले आहेत युगोस्लाव्हियाचे दहा, भारताचा एकही नाही. इतक्या उशिरा आणलं म्हणून कुरकुर करू नका. आधीचं काही डोळे भरून बघण्यासारखं नव्हतं. मध्यंतरापर्यंत पाच झाले होते, नंतर आणखी पाच. ब्रान्को झेबेचने एकट्याने चार घातले.

आता समोर बघा. आपल्यातले बरेच जण अनवाणी आहेत, घोट्यांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. फिनलंडचा जुलै म्हणजे आपला आषाढ नव्हे. या गार गवतावर बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना चेंडू कळत नाही. तरी बेंगळुरूचा अहमद खान चेंडू घेऊन पुढे जातो आणि ८९व्या मिनिटाला तो जाळ्यात असतो. दहा-एक. तुम्ही उठून टाळ्या वाजवता आणि लगेच ओशाळता, की नऊ गोलांनी हरताना टाळ्या कसल्या? वाजवा हो. पाचच दिवसांनी हाच युगोस्लाव्ह संघ सोव्हिएत युनियनशी ५-५ अशी बरोबरी करणार आहे आणि शेवटी रौप्यपदक घेऊन घरी जाणार आहे. झोडपलं ते काही ऐऱ्यागैऱ्यांनी नाही.

निघण्याआधी तुम्ही तक्ता चाळला असेलच. ऑलिम्पिकमधल्या भारतीय फुटबॉलचा सगळा हिशोब चार ओळींत मावतो: १९४८, १९५२, १९५६, १९६०. आठ सामने. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला, सहा हरले. गोल केले दहा, खाल्ले सत्तावीस; त्या सत्ताविसातले दहा आज, इथे, तुमच्यासमोर. चारांपैकी तिसऱ्या ओळीपुढे ‘चौथा क्रमांक’ असं लिहिलेलं आहे आणि आपण वर्षानुवर्षं त्या चौथ्या क्रमांकाची आरती ओवाळत आलो आहोत. शेवटच्या ओळीत आपण गटात तळाला आहोत. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मला विचाराल तर आपला संघ ऑलिम्पिकमध्ये सर्वांत चांगला खेळला तो त्या तळाच्या ओळीत. ते पटवण्यासाठीच तुम्हाला एवढं फिरवतो आहे.

चार वर्षं मागे चला. ३१ जुलै १९४८, लंडनच्या पूर्वेकडचं इल्फर्ड, क्रिकलफील्डचं मैदान. देश स्वतंत्र होऊन वर्ष व्हायला पंधरवडा कमी आहे. कर्णधार नागा टेकड्यांमधला तालिमेरेन आओ, समोर फ्रान्स. अकरातले आठ अनवाणी. इंग्लिश प्रेक्षक आधी त्या पायांकडेच बघतात, पण थोड्या वेळाने पाय विसरून चेंडूकडे बघू लागतात, कारण चेंडू त्या पायांना चिकटून चालतो. फ्रान्सचा पहिला गोल अर्ध्या तासाने होतो. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन बरोबरी साधतो. स्वतंत्र भारताचा ऑलिम्पिकमधला हा पहिला फुटबॉल गोल.

तुमच्या छातीत धडधडतंय ते मात्र दुसऱ्याच कारणाने. आपल्याला या सामन्यात दोन पेनल्टी मिळतात. एक शैलेन मन्ना घेतो, दुसरी महावीर प्रसाद. दोन्ही वाया जातात. मग अगदी शेवटी, ८९व्या मिनिटाला, फ्रान्स दुसरा गोल करून सुटतो. नेमकी हेलसिंकीतल्या आपल्या गोलाचीच वेळ.

बुटांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथेच निकालात काढू. १९५० च्या वर्ल्ड कपला भारत गेला नाही कारण फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही, ही कथा सांगायला झकास आहे, पण ती खरं कारण झाकते. पात्रता गटातले बाकीचे संघ माघारी गेल्यामुळे ब्राझीलचं दार आपल्यासाठी उघडं होतं. आपल्या फुटबॉल संघटनेलाच त्या स्पर्धेचं मोल वाटलं नाही. तेव्हाच्या कारभाऱ्यांच्या लेखी फुटबॉलची खरी पंढरी ऑलिम्पिक होती. म्हणून तर मी तुम्हाला ऑलिम्पिकच्या मैदानांवर फिरवतोय. पायातल्या बुटांचं म्हणाल तर ते हेलसिंकीनंतर सक्तीचे झाले.

वाटेत मुंबईत थोडं थांबू. कुपरेज, रोव्हर्स कपचे दिवस. १९५० पासून सलग पाच वर्षं हा चषक हैदराबाद पोलीस घेऊन जातात, आणि त्यांच्यामागे असतो एकच माणूस: सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. राष्ट्रीय संघही त्यांच्याच हाती आहे. हेलसिंकीचे दहा गोल त्यांनी मैदानाकडेला बसून मोजले आहेत. पुढच्या आठ वर्षांत ते काय करतात, हेच तुम्हाला बघायचं आहे. आणि याच कुपरेजवर मूळ गोव्याचा, मुंबईत खेळणारा एक सेंटर फॉरवर्ड बघून ठेवा. नेव्हिल डिसूझा. हे नाव आज शिवाजी पार्कावर विचारलंत तर दहातले नऊ जण खांदे उडवतील, आणि दहावा माहीमचा असेल.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्नचं ऑलिम्पिक पार्क. उपांत्यपूर्व फेरी आहे, पण भारताचा हा पहिलाच सामना. पहिल्या फेरीत गाठ होती हंगेरीशी. नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, हंगेरीचा फुटबॉल संघ इथे आलाच नाही आणि आपण न खेळता पुढे सरकलो. यजमान ऑस्ट्रेलियाने जपानला हरवलं आहे. गर्दी बेताचीच, कारण या देशात फुटबॉल हा अजून स्थलांतरितांचा खेळ आहे.

नवव्या मिनिटाला नेव्हिल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाचा ब्रूस मॉरो. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२, आणि तुम्हाला शेवट माहीत असूनही घशाला कोरड पडली आहे. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. ऐंशीव्याला कृष्णस्वामी, ज्याला सगळे किट्टू म्हणतात, चौथा घालतो. ४-२. तक्त्यातल्या ‘विजय’ या रकान्यातला एकचा आकडा तो हाच. उड्या मारून घ्या, पुन्हा संधी नाही.

तीन दिवसांनी मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. हे मैदान तुमच्या ओळखीचं आहे. पहाटे गजर लावून, गोधडी पांघरून तुम्ही ते टीव्हीवर किती वेळा पाहिलं असेल. इथे कोण कसा आउट झाला ते तुम्हाला तोंडपाठ असेल. आज त्यावर स्टंप नाहीत, गोलपोस्ट आहेत. उपांत्य सामना, आणि समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. रहीमसाहेबांकडे बघा. चार वर्षांपूर्वी याच निळ्या संघाने त्यांच्या पोरांचं पानिपत केलं होतं. आता आपला कर्णधार समर बॅनर्जी, सगळे त्याला बद्रू म्हणतात. उजवीकडे वीस वर्षांचा प्रदीपकुमार बॅनर्जी, शिवाय तुलसीदास बलराम, आणि सगळ्यांच्या पायात बूट. मध्यंतरापर्यंत गोल नाही. कोणाचाच नाही.

५२व्या मिनिटाला नेव्हिल गोल करतो. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

इथे थांबा. ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत भारत पुढे आहे आणि पुढे काय होणार हे या स्टेडियममध्ये फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बाकावरचे आपले राखीव खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडताहेत. त्यांना सांगावंसं वाटतं की लगेच मागे या, बचावात उभे राहा. पण प्रवासाचा नियमच आहे, बोलायचं नाही. चेंडू मध्यावर ठेवला जातो. युगोस्लाव्ह खेळाडूंच्या चेहऱ्यावर राग नाही, थोडी लाज आहे, आणि लाजलेला बलवान संघ फार वाईट. ५४व्या मिनिटाला पापेच बरोबरी करतो. दोन मिनिटं. आपल्या फुटबॉलचं ऑलिम्पिक पदक एवढंच जवळ आलं होतं, दोन मिनिटांपुरतं. ५७व्याला वेसेलिनोविच, ६५व्याला पुन्हा पापेच, ७८व्याला आपल्याच सलामच्या पायाला लागून चौथा. ४-१.

७ डिसेंबरची कांस्यपदकाची लढत हवी तर बघा, बल्गेरियाने ३-० ने जिंकली. मी नाही थांबत.

आता हिशोब. सोळांपैकी पाच संघ आलेच नाहीत, स्पर्धा अकरांत झाली. आपण एक सामना न खेळता, एक जिंकून आणि दोन हरून चौथे आलो. म्हणजे एका विजयावर चौथे. हे हिणवायला म्हणत नाही. चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत बसला, आणि याच महिन्यात सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात आपण ऑस्ट्रेलियाला ७-१ असं धुतलं, तेव्हा तो विजय काही नशिबाचा नव्हता. पण ‘चौथा क्रमांक’ हे दोन शब्द जेवढं सांगतात त्याहून जास्त लपवतात. तक्ते असेच असतात, विशेषतः आपल्या बाजूचे.

तेव्हा चला इटलीला. २६ ऑगस्ट १९६०, डोंगरातलं लाक्विला. रोम ऑलिम्पिकचे गटसामने अशा गावोगावी वाटलेले आहेत. गटात हंगेरी, फ्रान्स, पेरू आणि आपण. पुढे जाणार एकच. आता फुकट काही नाही, कोणी माघार घेतलेली नाही, आणि चार वर्षांपूर्वी चुकलेली हंगेरी आज पुढ्यात उभी आहे. तिचा अठरा वर्षांचा फ्लोरियान आल्बर्ट नीट बघून घ्या, सात वर्षांनी तो युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरणार आहे. कागदावर हे सगळे ‘हौशी’, पण पूर्व युरोपातल्या हौशींचा पगार सरकार देतं आणि काम एकच असतं, फुटबॉल. आपल्याकडचे हौशी रेल्वेत, पोलिसांत, तेल कंपनीत.

गोरोच एक गोल करतो, आल्बर्ट दुसरा. ७९व्या मिनिटाला बलराम एक परत करतो. शेवटची अकरा मिनिटं हंगेरी घड्याळाकडे बघत खेळते. हो, हंगेरी. २-१.

हा पराभव किती मोलाचा हे कळायला तुम्हाला गटातले बाकीचे निकाल सांगायला हवेत. याच हंगेरीने पेरूला सहा गोल घातले आणि फ्रान्सला सात. फ्रान्सला तर एकही करू दिला नाही. आपल्याला फक्त दोन घातले. आठ वर्षांत शाळामास्तरांनी दहा-एकचं दोन-एक केलं होतं.

२९ ऑगस्ट, ग्रोसेतो. याच गावाचं तिकीट मी तुम्हाला आग्रहाने काढायला लावलं. तोस्कानातलं लहानसं शहर, ऑगस्टची झळ, आणि समोर फ्रान्स. तोच फ्रान्स, ज्याने इल्फर्डला शेवटच्या घटकेला आपला घास काढून घेतला. त्यांनीही व्यावसायिक खेळाडू पाठवलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. आपल्या गोलात पीटर थंगराज, मागे जर्नेल सिंग, डावीकडे चुनी गोस्वामी, कर्णधार प्रदीपकुमार. बाकावर आणखी एक गोव्याचा पोरगा, मुंबईत वाढलेला फुटबॉलपटू फॉर्च्युनातो फ्रँको. या स्पर्धेत तो एकदाही मैदानात उतरणार नाही. त्याचं गाव अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे आणि अंगावर भारताची जर्सी.

या सामन्यात बिचारेपणा शोधू नका, सापडणार नाही. कोणी आपल्या पायांकडे कौतुकाने बघत नाही. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून आत. थंगराजच्या लांब हातांत आला की पुन्हा तिथून सुरुवात. प्रेक्षकांच्या लेखी दोन संघ खेळताहेत, बस्स. ७१व्या मिनिटाला प्रदीपकुमार गोल करतो आणि फ्रान्स मागे पडतो. हेलसिंकीत तुम्ही ओशाळून खाली बसला होतात, इथे बसायची गरज नाही. अकरा मिनिटं आपण पुढे असतो. ८२व्याला क्वाँकोँ बरोबरी करतो आणि १-१ वर सामना संपतो. तक्त्यातली एकमेव बरोबरी.

तीन दिवसांनी पेरूने आपल्याला ३-१ असं हरवलं. तो सामना आपण वाईट हरलो, त्यात सारवासारव करायला जागा नाही. एका गुणावर आपण तळाला, आणि हंगेरी पुढे जाऊन कांस्यपदक घेते. चार वर्षांनी टोकियोच्या वाटेवर इराण आडवा आला. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही, म्हणून तक्ता इथेच संपतो.

माझं म्हणणं अजून पटलं नसेल तर एक जादा फेरी आहे, पण ती ऑलिम्पिकच्या तक्त्यात बसत नाही. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, आशियाई क्रीडा स्पर्धांचा अंतिम सामना. रोमचेच बरेचसे खेळाडू, आणि ग्रोसेतोला बाकावर बसलेला फ्रँको आता मैदानावर. डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग बचाव सोडून फॉरवर्ड म्हणून उभा. कॅन्सरने पोखरलेले रहीम, ज्यांच्या हातात आता वर्षही उरलेलं नाही. गटात ज्यांनी २-० ने हरवलं तोच दक्षिण कोरियाचा संघ समोर, आणि भारतीय क्रीडा अधिकारी सोंधींच्या वक्तव्याने चिडलेलं, लाखाच्या आसपासचं इंडोनेशियन पब्लिक भारताच्या नावाने ओरडतंय. वेळेवर पोहोचा मात्र. प्रदीपकुमारचा गोल सतराव्या मिनिटाला होतो, जर्नेलचा विसाव्या.