सारा हलका, वाटा जड

धाटावचे नाव काढले की आज रासायनिक कारखाने आठवतात. परंतु कुंडलिकेच्या काठचा हा रोहे तालुका मुळात भाताचा प्रदेश आहे. येथील शेतीचा इतिहास पाहू लागलो की पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की पिकलेले भात कोणाचे?

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कोकणात कंपनी सरकारचा अंमल आला. पुढे १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीतून देशावर रयतवारी स्थिरावली. जमिनीचा कस पाहून तीस वर्षांसाठी आकार ठरे व शेतकरी तो थेट सरकारात भरी. दक्षिण कोकणात आणि कुलाबा जिल्ह्याच्या काही भागांत मात्र सरकार व कुळ यांच्यामध्ये खोत होता. गावाच्या वसुलाला तो जबाबदार असे. सरकारचे मागणे मोजके होते. खोताने कुळाकडून काय घ्यावे, हा हिशेब निराळा. उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे अंदाज, करून वाटा ठरे. अर्धेलीच्या भातजमिनीत निम्मे पीक खोताकडे जाई. वेठबिगार त्याहून वेगळी. म्हणून सरकारी आकार हलका असला तरी तो हलकेपणा खोताच्या कणगीतच राही, कुळाच्या चुलीपर्यंत पोहोचत नसे.

१८८० च्या खोती कायद्याने जुन्या वहिवाटदार कुळांना काही संरक्षण दिले. खोताच्या मर्जीवर कसणारे त्याबाहेरच राहिले. या असंतोषातून २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. १९३९ पर्यंत त्यांनी जमिनी पडीक ठेवल्या. उपासमार सोसली, पण नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने; आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कुळाला मालकीची वाट मोकळी झाली.

सारा किती, एवढाच प्रश्न विचारून शेतकऱ्याचे सुखदुःख कळत नाही. दप्तरात नाव कोणाचे, हेही विचारावे लागते. आज भातखाचरांच्या जागी कारखाना येतो, तेव्हा मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरील नावापासूनच सुरू होतो. ते नाव तेथे यावे म्हणून मागच्या पिढ्यांनी सहा वर्षे चुली थंड ठेवल्या, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.