ज्ञानकोशाचे कपाट

श्रोतेहो, गावात वाचनालय काढायचे ठरले, की पहिली चर्चा होते पुस्तकांची. कपाट कोणते घ्यावे, त्याची किल्ली कोणाकडे राहावी, हे फारसे कोणी विचारीत नाही. पुढे किल्लीवाल्याशी बिनसले म्हणजे मग कपाटाचे महत्त्व ध्यानात येते! आज अशाच एका कपाटाचा इतिहास आपण पाहणार आहोत. विकिपीडिया हा ज्ञानकोश आपल्या शाळांतली मुलेसुद्धा वाचतात. त्याचे लेख ज्यात ठेवले आहेत ते हे कपाट.

संकेतस्थळावरची पाने लिहून घेणे, ती दुरुस्त करू देणे, जपून ठेवणे आणि वाचकापुढे मांडणे ही कामे करणारी एक आज्ञावली असते. तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. ती असली म्हणजे लिहिणाऱ्याला संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. आता अशा आज्ञावल्या बाजारात पुष्कळ. त्यांतली निवडायची कोणती?

मार्च २००० मध्ये अमेरिकेत जिमी वेल्स आणि संपादक लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला. लेख विद्वानांनी लिहायचा आणि सात पायऱ्यांची तपासणी ओलांडून तो प्रसिद्ध व्हायचा, असा तिथला शिरस्ता. शिरस्ता चांगला, पण वऱ्हाड मांडवापर्यंत पोचेचना! २००३ मध्ये न्यूपीडिया बंद पडला, तेव्हा पुरे झालेले लेख जेमतेम दोन डझन होते.

यावर तोड निघाली ती विकीची. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ मध्ये कोणालाही पान दुरुस्त करता येईल असे संकेतस्थळ केले होते. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. तेच नाव त्याला दिले. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला, तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या यूजमॉडविकी या आज्ञावलीवर. ती साधी होती, तयार होती आणि मुक्त होती. मुक्त म्हणजे काय? तिचे आतले लिखाण कोणीही वाचावे, त्यात बदल करावा आणि दुसऱ्यालाही द्यावे, अशी परवानगी. वर्ष संपता संपता सुमारे २०,००० लेख झाले आणि कोश १८ भाषांत पोचला.

पण पीक वाढले तसे कोठार अपुरे पडू लागले. पाने साध्या फाइलींत ठेवलेली असत, त्यामुळे काम मंदावे. पानांच्या जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसल्या जात. आणि तिसरी अडचण तर आपल्या जिव्हाळ्याची. आरंभी एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवा द्यायचा, तर इंग्रजी शब्द जोडून लिहायचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत काढायचे, असा नियम होता. आता सांगा, देवनागरीत मोठे अक्षर आणायचे कुठून? क, ख, ग यांत धाकटे-थोरले काही नाही! सुदैवाने २००१ मध्येच ही रीत बदलली आणि चौकोनी कंसात घातलेला कोणताही शब्द दुवा होऊ लागला. आज्ञावली मुक्त होती आणि तिचा कर्ता ऐकणारा होता, म्हणून हे जमले. नाहीतर एका लहानशा नियमापायी कितीतरी भाषा उंबऱ्याबाहेर राहिल्या असत्या.

पुढे जर्मनीतल्या कोलोन शहरी शिकणाऱ्या माग्नुस मान्स्के या विद्यार्थ्याने खास या कोशासाठी नवी आज्ञावली लिहिली. २५ जानेवारी २००२ पासून ती वापरात आली. वाचकांची गर्दी वाढताच तीही दमली. मग ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने रचली. जुलै २००२ मध्ये ती सुरू झाली आणि २००३ मध्ये तिला मीडियाविकी हे नाव मिळाले. दीड वर्षात दोनदा बिऱ्हाड हलले, तरी लेख बरोबर आले. सुरुवातीच्या दुरुस्त्यांचा काही इतिहास मात्र हरवला असेच सगळे समजत होते; २०१० मध्ये त्याची एक जुनी प्रत सापडली. घरात दुसरी प्रत ठेवावी, ती अशासाठी.

आता निघून जाण्याच्या हक्काविषयी. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश लेखकांना भीती वाटली, की उद्या या कोशावर जाहिराती येतील. त्यातले कित्येक जण लेखांच्या प्रती घेऊन बाहेर पडले आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी वेगळा कोश मांडला. परवानाच तसा होता; त्यांना कोणी अडवू शकत नव्हते. विकिपीडियाने पुढे जाहिराती घेतल्या नाहीत. २००३ मध्ये त्याचा कारभार विकिमीडिया फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेला. ज्याला दार उघडून जाता येते, त्याचे म्हणणे घरात ऐकले जाते, बरं का!

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड ज्या भाषेने पाहिले, तिला हे नवे कोठार मिळाले, मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत देवनागरीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या तुमच्या शाळेचे, वाचनालयाचे किंवा सोसायटीचे संकेतस्थळ निघेल. विकणारा येईल, रंगीत पाने दाखवील. त्याला चहा जरूर द्या, पण चार प्रश्नही विचारा. आमचा मजकूर आम्हाला सगळाच्या सगळा बाहेर नेता येईल का? बिघाड झाला तर तुमच्यावाचून दुसरा कोणी दुरुस्त करू शकेल का? आमची लिपी यात नीट बसते का? आणि जुन्या प्रती कुठे राहतात? पहिली निवड कायमची ठरत नाही. विकिपीडियाचीही ठरली नाही. तेव्हा कपाट साधे असले तरी चालेल, किल्ली मात्र गावात राहू द्या.