चितेगावचा कारखाना : उदय आणि अस्ताची कारणमीमांसा

पैठण रस्त्यावर, छत्रपती संभाजीनगर शहरापासून चौदा किलोमीटरवरचे चितेगाव देशाला कळले ते व्हिडिओकॉनमुळे. हा उद्योग उभारणाऱ्या धूत कुटुंबाचे धाडस खरेच. पण एवढ्याने या उदयाचा उलगडा होत नाही. १९८२च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत चित्रवाणी आली, तोशिबाचे तंत्रज्ञान मिळाले आणि चढ्या आयातशुल्कामुळे परदेशी संच महाग राहिले. मागास भागांतल्या उद्योगांना राज्याच्या सवलती होत्याच. शिवाय पिक्चर ट्यूबची काच जड आणि ठिसूळ. ती लांबून आणणे परवडत नसे. त्यामुळे काचेपासून जुळणीपर्यंतचे सारे टप्पे आपल्याच हाती ठेवणाऱ्या उद्योगाला मोठा फायदा होता.

हाच फायदा पुढे नाहीसा झाला. थायलंडशी झालेल्या करारानुसार २००४ पासून रंगीत संच आणि ट्यूबवरचे शुल्क उतरत गेले. सपाट पडद्यांनी तर ट्यूबच बाद केली. पडदा कोरिया-चीनमधून येऊ लागला, इथे उरली ती निव्वळ जुळणी. तरीही २००५ मध्ये समूहाने फ्रान्सच्या थॉमसनचा ट्यूब व्यवसाय विकत घेतला. माझ्या मते मूळ धंद्यातली सर्वांत महागडी चूक हीच.

तरीही, एवढ्याने समूह बुडाला नसता. तेल आणि दूरसंचारासाठी काढलेल्या कर्जाने तो बुडाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या १२२ दूरसंचार परवान्यांत त्याचे २१ होते. जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. समूहातल्या तेरा कंपन्यांवर सुमारे ६४,८३८ कोटींचे दावे मान्य झाले; त्यापोटी वेदांत समूहातील ट्विन स्टारचा देकार होता २,९६२ कोटींचा. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने या देकाराला मिळालेली मंजुरीही रद्द केली.

बँकांचे नुकसान आकड्यांत तरी मोजले गेले. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कायदा कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान देतो. सुटे भाग पुरवणारा लघुउद्योजक मात्र रांगेत फार मागे उभा राहतो. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर यंत्रे घेतलेल्या माणसाला ही रांग संपेपर्यंत तग धरता येत नाही.

चितेगावच्या पुढेच बिडकीन आहे. तिथे टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये २०,००० कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. तिथल्या पुरवठादारांनी पहिल्या दिवसापासून दुसरे गिऱ्हाईक शोधावे, आणि शासनाने त्यांची थकबाकी वेळेवर वसूल होण्याची व्यवस्था आधी उभारावी.