शनिवार तेल्यांची दानपेटी

नांदेड-लातूरकडील आपल्या धर्मग्रामांत ‘यहुदी’ हा शब्द रविवारच्या शास्त्रवाचनात ऐकू येतो, आणि तेथेच थांबतो. अब्राहाम, मोशे, रूथ, एलिया ही नावे आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असतात. पण याच कुळाची माणसे मराठी बोलत, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावीत, आपल्याच महाराष्ट्रात शतकानुशतके राहत आली आहेत, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. त्यांची मुळे कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत. मराठवाड्याच्या या भागात त्यांचे एकही सभास्थान नाही.

तरीही त्यांच्या व्यवसायाशी लातूरकरांचे नाते सहज जुळावे. तेलबियांचा व्यापार म्हणजे काय, हे लातूरच्या आडत बाजारात वावरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बेने इस्रायल हे कोकणात घाणा चालविणारे तेली होते. फरक एवढाच, की शनिवारी त्यांचा घाणा बंद असे आणि बैल दावणीला असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ जवळ नाही, हिब्रू भाषा विसरलेली, धर्मगुरू नाही; अशा स्थितीत आठवड्यातून एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून या लोकांनी आपली ओळख राखली. आठव्या दिवशी मुलाची सुंता, पंख व खवले नसलेल्या माशांचा त्याग, आणि परमेश्वर एकच आहे हे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना, एवढी शिदोरी त्यांच्यापाशी उरली होती. मला वाटते, या समाजाच्या दानाचा इतिहास येथूनच मोजावा. रिकाम्या ठेवलेल्या घाण्याचे मोल कोणत्याही हिशेबवहीत सापडत नाही.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या पुरुषाने त्यांना ओळखले, हिब्रू शिकविले व त्यांच्यातून काजी नेमले, असेही ते सांगतात. इतिहासकार या कथांच्या काळाविषयी वाद घालतात. आपण त्यात शिरण्याचे कारण नाही.

दान ही यहुदी धर्मात दयाळू माणसाची मर्जी नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दानासाठी हिब्रूत ‘त्सदाका’ हा शब्द आहे आणि त्याचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या धातूत आहे. पीक कापताना शेताच्या कडा सोडून द्याव्यात, सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, अशी लेवीयाच्या पुस्तकातील आज्ञा आहे. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचते ती त्याच हक्काने. ज्वारीच्या काढणीनंतर रानात सरवा वेचणाऱ्या बाया पाहिलेल्या आपल्या शेतकरी कुटुंबांना हा संदर्भ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे यहुदी शहरांत वसले तेव्हा शेताच्या कडांची जागा दानपेटीने घेतली. मिश्ना या त्यांच्या प्राचीन ग्रंथात असा नियम आहे, की दाननिधी दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा. गोळा करणारा एकटा नको आणि वाटणारे तर त्याहूनही अधिक हवेत. आपल्या कित्येक धर्मग्राम समित्यांनी हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही! संत पौलाने यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी करिंथकरांकडून वर्गणी गोळा केली, तेव्हा पैसे पोहोचविण्यास आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसेही घेतली. तो याच शाळेत शिकला होता.

आता मुंबईकडे वळू. अठराव्या शतकात बेने इस्रायलांपैकी बरेच जण इंग्रजांच्या फौजेत दाखल झाले. त्यांतील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. सुटका झाल्यास परमेश्वराचे मंदिर बांधीन, असा त्याने नवस केला, अशी कथा आहे. तो सुटला, आणि १७९६ साली त्याने मुंबईत ‘शाआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे सिनेगॉग उभे केले. बेने इस्रायलांचे मुंबईतील हे पहिले प्रार्थनालय. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. जवळच्या मस्जिद बंदर या स्थानकाचे नावही त्यावरूनच पडले, असे मानतात, आणि सॅम्युएल स्ट्रीट हे रस्त्याचे नाव दिवेकराचे आहे. इमारत बांधून तो थांबला नाही. तोराच्या गुंडाळ्या मिळविण्यासाठी तो कोचीनला गेला व तेथेच वारला, असे त्याचे चरित्र सांगते. नवस फेडणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ असतात. नवस फेडल्यावरही पुढचे काम अंगावर घेणारी थोडीच.

त्यानंतरच्या शतकात कोकणातल्या लहान लहान गावांतून प्रार्थनालये उभी राहिली. रेवदंड्यास १८४२ मध्ये, अलिबागेस १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये, ठाण्यास १८७९ मध्ये. यामागे कोणी कोट्यधीश नव्हता. तेली, सुतार, शिपाई, कारकून अशा माणसांनी ही बांधली आणि चालविली. कारभार पाहण्यासाठी मुकादम, खजिना सांभाळण्यासाठी गब्बाई, सल्ल्यासाठी चौगुले अशी पदे होती. ही नावे पाहा: गब्बाई हिब्रू, मुकादम अरबी वळणाचा आणि चौगुला आपल्या गावगाड्यातला. सिनेगॉगची व्यवस्था मराठी गावाच्या पंचायतीसारखी होती आणि म्हणूनच ती लोकांच्या अंगवळणी पडली.

मुंबईत व पुण्यात धनिक यहुदीही होते, पण ते वेगळे. बगदादहून आलेला डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आला आणि व्यापारात अपार संपत्ती मिळवून गेला. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे लाल देऊळ, पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईतील त्याच्या नावाचे वाचनालय, ही त्या घराण्याच्या औदार्याची स्मारके आपल्या नित्य वापरातील आहेत. या संपत्तीचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आला, हेही इतिहासाने नोंदलेले आहे. आणि ज्या धर्मबंधूंच्या देशात हे बगदादी येऊन राहिले, त्यांना त्यांनी बरोबरीचे मानले नाही. बेने इस्रायलांच्या शुद्धतेविषयी शंका घेतल्या गेल्या. १८३६ साली मुंबईच्या दफनभूमीत दोहोंच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत घालावी, असा अर्ज काही बगदाद्यांनी सरकारकडे केला. मेल्यावरही वेगळेपण राखण्याचा हा आग्रह वाचून आपल्याला त्यांच्यावर टीका करण्याची घाई होते. आपल्या दफनभूमीतून जातीच्या रांगा कुठे कुठे आहेत, हे आधी पाहिलेले बरे.

वर्गणीतून काय उभे राहू शकते, हे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या कार्यातून दिसते. त्यांनी बंधू व स्नेह्यांसह १८५३ साली समाजहितकारी मंडळी स्थापली आणि १८७५ साली बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. तत्पूर्वी या मुलांना शिक्षण मिळाले होते ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांतून. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, त्याचा या समाजाला मोठा उपयोग झाला. मिशनऱ्यांचे ऋण बेने इस्रायलांनी मोकळेपणाने मान्य केले, पण धर्म मात्र सोडला नाही. उलट, शिकलेली विद्या आपल्याच धर्माच्या कामी लावली. आपल्यासारख्यांनी या गोष्टीकडे खट्टू न होता पाहिले पाहिजे. ऋण फेडण्याचा तो एक प्रामाणिक मार्ग होता. वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक मराठी भाषांतरासह निघाले. १८७४ च्या पुण्याच्या आवृत्तीत नऊवारी लुगड्यांतील स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत असे चित्र आहे.

केहिमकरांच्या शाळेला लंडनच्या यहुदी संस्थेचे साह्य मिळाले. पुढे, १९३० च्या दशकात, सर एली कदूरी या बगदादी वंशाच्या धनिकाच्या देणगीने तिला स्थैर्य आले आणि त्यांचे नाव लाभले. पण देणगी येईपर्यंतची पन्नासहून अधिक वर्षे शाळा कोणी जगविली? केहिमकरांनी स्वतः अनेक वर्षे तिच्यासाठी वेचली. १९२२ ते १९५० रिबेका रूबेन या विदुषीने तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. शाळा आजही मुंबईत माझगावला आहे. तिच्यातील बहुतेक मुले आता यहुदी नाहीत. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

स्त्रियांचा भाग येथे थोडक्यात सांगून भागणार नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून काम केले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी १९१३ साली बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापण्यात पुढाकार घेतला. ज्या समाजात सिनेगॉगच्या कारभारात स्त्रीला स्थान नव्हते, तेथे हे मंडळ म्हणजे सेवेच्या वाटेने उघडलेले दार होते. सज्जातून प्रार्थना ऐकणाऱ्या बायकांनी स्वतःची सभा भरविली, स्वतःची वर्गणी ठरविली. झिराडबाईंनी १९२५ साली उदारमतवादी यहुदी मंडळीही मुंबईत सुरू केली.

भांडणेही झाली. १९१७ साली बेने इस्रायलांची पहिली परिषद भरली आणि पुढच्याच वर्षी वेगळी लीग निघाली. राजकारणात भाग घ्यावा की न घ्यावा, यावरून मूठभरांत दोन तट पडले. लहान समाजाला दोन संस्था परवडत नाहीत, हे त्यांनाही कळत होते. पण कळणे आणि वळणे यांतील अंतर सर्वत्र सारखेच असते.

मग आले १९४८. इस्रायल राष्ट्र जन्मले आणि कोकणची घरे रिकामी होऊ लागली. १९५१ च्या जनगणनेत भारतातील सर्व यहुद्यांची संख्या २६ हजारांच्या आसपास होती. २०११ पर्यंत ती पाच हजारांच्या आत आली. छळ झाला म्हणून कोणी गेले नाही. या देशात त्यांना कोणी त्रास दिला नाही, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. गेले ते धर्माच्या ओढीने, नातलगांच्या मागे, भाकरीच्या शोधात. तेथेही त्यांच्या यहुदीपणावर प्रमुख धर्माधिकाऱ्यांनी प्रश्न उभा केला. तेव्हा त्यांनी धरणे धरले, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. आज दिमोना, बेरशेबा, अशदोद, लोद येथे त्यांच्या वस्त्या आहेत. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले.

मागे राहिलेल्यांवर दुहेरी भार आला. इमारती तेवढ्याच राहिल्या, माणसे उरली नाहीत. ससून घराण्याने ठेवलेल्या धर्मादाय निधींतून काही वास्तूंची देखभाल होत राहिली. १९६० च्या दशकात परदेशी यहुदी संस्था मुंबईत आल्या. कोणी तरुणांना कसबी शिक्षण दिले, कोणी वृद्धांना आधार दिला. फोर्टमधील केनेसेथ एलियाहू हे १८८४ चे सिनेगॉग जागतिक वारसा जपणाऱ्या संस्थेच्या व भारतीय देणगीदारांच्या साह्याने दुरुस्त होऊन २०१९ साली पुन्हा उघडले. या देणगीदारांत यहुदी नसलेलेही होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

परंतु पैशाने एक गोष्ट मिळत नाही. सामुदायिक प्रार्थनेसाठी यहुद्यांना तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. त्यास ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ जमले तर तोराची गुंडाळी वाचली जात नाही, मृतासाठीची ‘कद्दीश’ ही प्रार्थना म्हणता येत नाही. कोणी धनिक दहाव्या माणसाच्या बदली धनादेश पाठवू शकत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात आपण पाहतो, की लंगरला धान्य देणारे असतात, तसे भांडी घासणारे व जोडे सांभाळणारेही असतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या सेवेला शीख बांधव कमी लेखत नाहीत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात ट्रक भरून कपडे आले. ते लोकांनी स्वीकारले, पण आठवण ठेवली ती ढिगारे उपसायला आलेल्या हातांची. बाहेरून येणाऱ्या मदतीवर आपली कित्येक धर्मग्रामे उभी राहिली. ती मदत नको म्हणण्याचे कारण नाही, पण ती आली म्हणून आपण घरी बसावे, हा अर्थ त्यातून कसा निघतो, हे मला कधी उमगले नाही.

अलिबागेत इस्रायल आळीमध्ये मागेन आबोथ हे सिनेगॉग आजही आहे. गावात राहणारी यहुदी कुटुंबे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. जवळच खंडाळ्याला खडकावर एक खूण आहे, ती संदेष्टा एलियाच्या घोड्याची टाप आहे असे बेने इस्रायल मानतात. नवस फेडायला लोक तेथे येतात, मुंबई-ठाण्याहून आणि इस्रायलहूनही. पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ करतात, प्रार्थना म्हणतात, आणि तो सर्वांना वाटतात. सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमावेत म्हणून आधीपासून निरोप जातात. ज्यांना निरोप पोहोचतो, ते लाँचने, एसटीने येतात.