सिनॅप्स : चेतापेशींकडून टी-पेशींकडे आलेल्या एका संकल्पनेचा इतिहास

एखादी वस्तू आधी दिसते व मग तिला नाव मिळते, असा विज्ञानाच्या इतिहासाविषयी सर्वसाधारण समज आहे. ‘सिनॅप्स’ या शब्दाच्या बाबतीत दोन वेगळ्या शास्त्रांत, सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराने, याच्या उलट घडले. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये मायकेल फॉस्टर यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चेतापेशींच्या संपर्कस्थानासाठी हा शब्द योजला, तेव्हा त्या पेशींमधील फट कोणी पाहिलेली नव्हती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती १९५० च्या दशकात दाखविली. शब्दही मुळात शेरिंग्टन यांचा नव्हे. त्यांच्या मनात ‘सिंडेझ्म’ होता. केंब्रिजचे ग्रीक पंडित व्हेरॉल यांनी ‘सिनॅप्स’ सुचविला आणि त्यापासून विशेषण चांगले साधते म्हणून तो स्वीकारला गेला.

हाच शब्द रोगप्रतिकारशास्त्रात कसा आला आणि तेथे एका देखण्या चित्राने त्याला दिलेला अर्थ अल्पावधीत कसा बदलावा लागला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

यौवनलोपी ग्रंथीचे प्रतिकारशक्तीतील महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे १९७४ मध्ये कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी दाखविले की, टी-पेशी विषाणूला सुटेपणी ओळखत नाही. स्वतःच्या शरीराच्या एमएचसी रेणूंसह तो दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडला गेला तरच ओळखते. या निष्कर्षाचा एक परिणाम फारसा बोलून दाखविला गेला नाही. प्रतिपिंड रक्तातून वाहत जाऊन दूरवर काम करू शकते. टी-पेशीला मात्र समोरच्या पेशीला अंग भिडवावेच लागते. म्हणजे ओळख पटविण्याचा प्रश्न हा स्पर्शाचाही प्रश्न होता.

टी-पेशीच्या ग्राही प्रथिनाची जनुके १९८४ मध्ये हाती आली. त्याच वर्षी मायकेल नॉरक्रॉस यांनी एका फ्रेंच नियतकालिकात, टी-पेशीचे उद्दीपन चेतापेशींच्या सिनॅप्ससारख्या रचनेतून होत असावे, असा तर्क मांडला. त्या लेखाकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. अनुकूल वातावरण मात्र तयार होत होते. मारक टी-पेशी लक्ष्याला चिकटली की तिचा सेंट्रोसोम संपर्कस्थानाकडे वळतो, हे १९८० च्या दशकात आढळले होते. विल्यम पॉल व रॉबर्ट सेडर यांनी १९९४ मध्ये सिनॅप्सची उपमा पुन्हा पुढे आणली.

उपमेला चित्र मिळाले ते अब्राहम कुफर यांच्या प्रयोगशाळेत. टी-पेशी व प्रतिजन सादर करणारी बी-पेशी यांच्या जोड्या त्यांनी स्थिर करून रंगविल्या, निरनिराळ्या खोलीवर प्रतिमा घेतल्या आणि संगणकाच्या साहाय्याने संपर्कपृष्ठ जणू समोरून पाहिले. मध्यभागी टी-पेशीचे ग्राही व पीकेसी-थीटा हे विकर, सभोवती एलएफए-१ हे आसंजक प्रथिन व टॅलिन यांचे कडे, अशी ती आकृती होती. चांदमारीच्या फळ्यावरील वर्तुळांसारखी. कुफर यांनी ती १९९५ मध्ये एका परिषदेत दाखविली. लेख ‘नेचर’मध्ये १९९८ साली आला.

सेंट लुईस येथे मायकेल डस्टिन, अँड्र्यू शॉ, पॉल ॲलन व त्यांचे सहकारी यांनी वेगळा मार्ग धरला. समोरच्या पेशीऐवजी काचेवर पसरलेला मेदरेणूंचा थर घेऊन त्यात एमएचसी व आयकॅम-१ हे दोनच प्रकाशमान रेणू ठेवले आणि त्यावर जिवंत टी-पेशी सोडली. आरंभी आसंजक रेणू मध्ये आणि ग्राहींनी पकडलेले एमएचसी कडेला होते. काही मिनिटांत हा क्रम उलटा झाला आणि चांदमारीची आकृती सिद्ध झाली. १९९९ च्या ‘सायन्स’मधील या लेखाने ‘इम्युनॉलॉजिकल सिनॅप्स’ हे नाव रूढ केले आणि या रचनेला टी-पेशीच्या उद्दीपनाचे नियंत्रण करणारे यंत्र म्हटले.

ग्राही जेथे दाटीने जमतात तेथूनच संदेश निघत असावा, असे वाचणाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते. प्रस्तुत लेखकाच्या मते गल्लत येथे झाली: केंद्र म्हणजे महत्त्वाचे स्थान, हे आकृतीत नव्हते, पाहणाऱ्याच्या डोळ्यात होते.

हा अर्थ मोडण्यात पुढाकार घेतला तो बव्हंशी त्याच गटाने, ही बाब मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. शॉ, ॲलन, डस्टिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की, ग्राहीमार्फत होणारे आरंभीचे संकेतन परिघावर होते व पक्व सिनॅप्स तयार होण्यापूर्वीच ओसरू लागते. २००३ मध्ये अरूप चक्रवर्ती यांच्या गणिती प्रतिमानाची जोड घेऊन असा विचार पुढे आला की, केंद्रभागी संदेशाची तीव्रता आणि ग्राहींचा नाश यांचा तोल राखला जातो. राजत वर्मा व सहकाऱ्यांच्या २००६ मधील प्रयोगांत, परिघावरील ग्राहींचे सूक्ष्म पुंजके संदेश चालू ठेवतात आणि केंद्राशी पोहोचल्यावर तो थांबतो, असे दिसले. हाही शेवटचा शब्द ठरला नाही. प्रतिजन दुबळे असेल तर केंद्रभाग संदेशाला बळ देतो, असे २००८ मध्ये आढळले. तर २०१४ मध्ये त्याच केंद्रातून ग्राहींनी भरलेल्या सूक्ष्म पुटिका समोरच्या पेशीकडे सोडल्या जातात, हे उघड झाले.

दरम्यान शब्द आपल्या गतीने पसरत होता. नैसर्गिक मारक पेशींचा सिनॅप्स १९९९ मध्ये वर्णिला गेला. २००३ मध्ये लंडनच्या चार्ल्स बँगहॅम यांच्या गटाने, एचटीएलव्ही-१ हा विषाणू अशाच संपर्कातून एका टी-पेशीतून दुसरीत शिरतो असे दाखवून ‘विषाणूजन्य सिनॅप्स’ची भर घातली.

प्रयोगशाळेत घडविलेला ग्राही बसविलेल्या कार टी-पेशींनी या आकृतीला अलीकडे पुन्हा तपासणीस उभे केले. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना दिसले की, या पेशींच्या सिनॅप्समध्ये ती सुबक वर्तुळे नसतात. ग्राहींचे विस्कळीत पुंजके असतात, आणि तरीही या पेशी कर्कपेशीला झपाट्याने मारून लवकर सुट्या होतात. मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या उपचारातील टी-पेशीही याच कार वर्गातील आहेत.