कॅमशाफ्ट व इनटेकची निवड (विद्यार्थी रेसकार)

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या उतरवतात. पेट्रोल इंजिनाला 710 घनसेंमीची मर्यादा असते, शिवाय सगळी हवा 20 मिमी व्यासाच्या रिस्ट्रिक्टरमधूनच घ्यावी लागते. खरी मेख इथेच आहे. या गळ्यातून सेकंदाला जेमतेम 74 ग्रॅम हवा जाते; पुढे प्रवाह ध्वनिवेगाला अडतो.

पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 मोटरसायकलचे जुने 373 घनसेंमीचे एकसिलिंडर इंजिन अनेक संघ वापरतात. मिनिटाला 9000 फेऱ्यांना त्याची सरासरी गरज सेकंदाला सुमारे 33 ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. पण ते चार स्ट्रोकपैकी एकातच श्वास घेते, त्यामुळे त्या क्षणी मागणी चौपट होते. म्हणून रिस्ट्रिक्टर आणि झडप यांच्यामध्ये हवा साठवणारा प्लेनम लागतो. तो लहान ठेवला तर इंजिन गुदमरते, फार मोठा केला तर थ्रॉटलला प्रतिसाद मंदावतो. प्लेनमपासून झडपेपर्यंतची नळी, म्हणजे रनर, लांब असेल तर मधल्या फेऱ्यांना टॉर्क वाढतो, आखूड असेल तर वरच्या.

झडप जास्त वेळ उघडी ठेवणारा ‘गरम’ कॅम ऐकायला झकास वाटतो. इनटेक झडप उशिरा मिटल्याने कमी फेऱ्यांना भरलेली हवा मात्र उलटी फिरते. वळणावळणाच्या ट्रॅकवर मध्यम कॅमच बरा. कॅम बदलल्यावर पिस्टनवर चिकणमातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून झडप व पिस्टन यांच्यातले अंतर तपासतात.