फौजदारी कायद्याचे हस्तग्रंथ आणि मसुऱ्याचा साक्षीदार

मसुरे गावाचा इतिहास म्हटला की भरतगड, गडनदी आणि आंगणेवाडीची जत्रा ह्यांचे स्मरण सर्वांस होते. परंतु ज्या पुस्तकांच्या आधारे आमच्या वाडवडिलांच्या जबान्या लिहिल्या गेल्या, कोणी सुटला व कोणी शिक्षा भोगून आला, त्या पुस्तकांकडे सहसा कोणी वळत नाही. ज्ञातिबांधवांपुढे तोच विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

फौजदारी काम चालविण्याच्या रीतीचा कायदा प्रथम १८६१ साली झाला व पुढे १८७२, १८८२ आणि १८९८ मध्ये नव्याने बांधला गेला. पुराव्याचा कायदा १८७२ चा. त्याचे कर्ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्याच वर्षी त्यांनी तो कायदा विस्तृत प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने काढला. कलमे अवघी १६७. पण ती लागू करणारे हात कोणाचे? तालुक्याचा सारा गोळा करणारा मामलेदारच मॅजिस्ट्रेटाचेही काम पाही. १८९८ च्या कायद्याने तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटास एक महिना, द्वितीय वर्गाच्यास सहा महिने व प्रथम वर्गाच्यास दोन वर्षे कैद देण्याचा अधिकार होता. मुंबई राज्यात ही दोन कामे वेगळी करण्याचा कायदा १९५१ साली झाला. तोवर वकिलीचे शिक्षण नसलेल्या अंमलदारास हाताशी एखादे सुटसुटीत पुस्तक हवेच असे.

ती गरज मुंबईच्या रतनलाल रणछोडदास व धीरजलाल केशवलाल ठाकोर ह्या जोडीने भागविली. विद्यार्थी त्यांस नुसते ‘रतनलाल-धीरजलाल’ म्हणत, जणू एकच गृहस्थ! नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरचे चितळे ह्यांच्या नावाचे भाष्यग्रंथ वकिलांच्या कपाटांत बसले. पुढे आर. व्ही. केळकर ह्यांचे फौजदारी प्रक्रियेवरील पुस्तक विधिमहाविद्यालयांतून रूढ झाले. मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयात अध्यापन केलेल्या व १९३५ पासून तेथील प्राचार्य असलेल्या डॉ. आंबेडकरांचीही फौजदारी प्रक्रिया व पुरावा ह्यांवरील टिपणे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात छापली आहेत. त्यांचे मूळ गाव आंबडवे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच, म्हणजे १९८१ पूर्वीच्या आमच्याच जिल्ह्यातले.

मात्र हे सारे ग्रंथ इंग्रजीत. आणि साक्षीदार बोले मालवणी. येथेच खरी मेख आहे. मालवणीत ‘तो गेलो’ म्हणजे तो गेला. घाटावरील कारकुनाच्या कानी नुसते ‘गेलो’ पडले, तर त्याच्या मराठीत त्याचा अर्थ ‘मी गेलो’ असाच होणार. बोलताना कर्ता गाळण्याची आपल्याकडे सवय फार. रात्री वाडीत कोण गेला, एवढ्याच मुद्द्यावर खटला उभा असेल, तर ह्या एका प्रत्ययाने साक्षीदाराचा आरोपी होण्यास वेळ लागणार नाही! कोणत्याही हस्तग्रंथात हे व्याकरण सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही.

कायद्याने ह्यावर एक उपाय मात्र ठेविला होता. १८९८ च्या कायद्यातील ३६० वे कलम व १९७३ च्या संहितेतील २७८ वे कलम ह्यांप्रमाणे लिहिलेली साक्ष साक्षीदारास वाचून दाखवावी लागे. ती त्यास न समजणाऱ्या भाषेत असल्यास समजणाऱ्या भाषेत सांगावी लागे. त्याने चूक दाखविली व न्यायाधीशास ती पटली नाही, तरी त्या हरकतीची नोंद करता येई. ह्या एका कलमाचे मोल आमच्या मते अनेक जाड भाष्यांहून अधिक आहे. पण साक्षीदारास ते ठाऊक असेल तरच!

१९९८ साली महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ५३१ व भारतीय साक्ष्य अधिनियमाची १७० कलमे अंमलात आली, आणि जुनी पुस्तके बाजूस पडून नवी छापली जाऊ लागली. साक्ष वाचून दाखविण्याची तरतूद नव्या संहितेतही आहे. मालवणी क्रियापदांचे एक पान मात्र कोणीतरी मसुरकर वकिलानेच लिहून द्यावे लागेल.